सोनगिरकर डॉक्टरांचा दोर

परवा धाकट्या नातीला शाळेतून एक काम दिलं होतं. घरातल्या प्रत्येकाचा हात कागदावर ठेवून भोवती पेन्सिलीनं रेघ मारून आणायची. पोर माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "आजोबा, हात ठेवा." मी मूठ मिटली. म्हटलं, माझा नको, आजीचा घे. पोर हिरमुसून गेली. बायको चुलीपाशी बसून बघत होती. तिला ठाऊक आहे. तळहात उघडा करून कुणापुढे धरायचा म्हटलं की मला धुळ्याच्या दवाखान्यातली एक खाट दिसते आणि तिच्यावर उशीला टेकून बसलेले सोनगिरकर डॉक्टर दिसतात.

साठ-एकसष्ट सालापासून मी त्यांच्याकडे कंपाउंडर होतो. शिंदखेडा तालुक्यातलं गाव. नाव सांगत नाही, कारण माणसं अजून आहेत आणि मीही त्यांच्यातच उठतो-बसतो. मी मूळचा धुळ्याचा. तिथल्या एका औषधाच्या दुकानात पुड्या बांधत होतो, डॉक्टरांनी पाहिलं आणि "चल माझ्याबरोबर" म्हणाले. चल म्हणजे चल. पुढं विचारायची सोय नव्हती. बुटका, काटक माणूस. अर्ध्या बाहीचा सदरा, खाली पायजमा, पायात टायरच्या चपला. लग्न केलेलं नव्हतं. जातीनं वरचे, शिवाय डॉक्टर, त्यामुळं गावात मान होता. पण तोंड असं की मान देणाऱ्यालाही पश्चात्ताप व्हावा. एरवी मला यशवंता म्हणायचे. यशवंतराव म्हणाले की समजायचं, आज आपली धडगत नाही.

रोगी आला की पहिल्यांदा जीभ काढून दाखवायचा. सवयच ती. डॉक्टरसाहेब म्हणायचे, "ती आत ठेव. पाय वर घे." पाय बघून झाले की म्हणायचे, "आता हात दाखव." दोन्ही तळहात दाराच्या उजेडाकडे धरायचे आणि अंगठ्यानं दाबून दाबून बघायचे. मला म्हणायचे, "माणूस तोंडानं काहीही सांगतो रे. लाजतो, घाबरतो, बाईची सासू शेजारी बसलेली असते. हातापायांना लपवता येत नाही." आणि मग ठरलेला प्रश्न, "पाणी कुठलं पितोस?" डोकं दुखत असो की कान फुटलेला असो, प्रश्न हाच. गावातली टवाळ पोरं त्यांना मागं 'पाणी कुठलं डॉक्टर' म्हणायची.

लोकांना हवी असायची सुई. सुई टोचली नाही तर दवाखान्यात गेल्यासारखंच वाटायचं नाही. एकदा एक सातव्या महिन्यातली पोर आली. चक्कर येते, पाठ मोडते. बरोबर सासू. साहेबांनी तळहात पाहिले. बोटांच्या मुळाशी जात्याच्या खुंट्याचे फोड, त्यावर पुन्हा फोड. त्यांनी चिठ्ठी लिहिली, ती सासूच्या हातात दिली. तिला वाचता येईना, म्हणून मीच वाचून दाखवली. दळण मोठ्या सुनेनं करावं, हिनं बाळंतपणापर्यंत जात्याला हात लावू नये, आणि सासूच्या आधी हिला जेवायला वाढावं.

म्हातारी तडकली. "डाक्टरभाऊ, आजार तिले शे आनि दवाई मले लिखी का?"

"आजार तिलाच आहे बाई," साहेब शांतपणे म्हणाले, "पण औषध तुम्हाला लागू पडतं. सुई हवी तर तीही तुम्हालाच टोचतो."

मी हसू दाबत बाटल्या पुसत बसलो. म्हातारी शिव्या देत गेली, पण चिठ्ठी तिनं देव्हाऱ्यात ठेवली आणि तीन महिने पाळली. अशा चिठ्ठ्या ते सारख्या लिहायचे. रोगी एक, चिठ्ठी दुसऱ्याच्याच नावानं. हमालाच्या कमरेसाठी अडत्याला, पोराच्या खोकल्यासाठी विड्या ओढणाऱ्या बापाला. निम्म्या चिठ्ठ्या लोक फाडून टाकायचे. साहेब पुन्हा लिहायचे.

गावाचा खरा रोग होता नारू. आता नव्या पोरांना नारू म्हणजे काय ते सांगावं लागतं, हे बरंच झालं. उन्हाळा लागला की माणसाच्या पायाला फोड यायचा, आग आग व्हायची, फोड फुटायचा आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोकं काढायचा. तो काडीला गुंडाळायचा. रोज थोडा थोडा, बोटभर. घाई केली आणि तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन् महिने खाटेवर. गावात दर घरी कोणी ना कोणी ओट्यावर पाय पसरून, काडी बांधून बसलेलं असायचं. ऐन पेरणीच्या तोंडावर.

गावाला एकच विहीर, पायऱ्यांची. बायका घोटाभर पाण्यात उतरून घागरी बुडवायच्या, नारूवाले पायही त्याच पाण्यात. नारू त्या पाण्यातूनच पोटात जातो हे साहेबांना ठाऊक होतं, पण गावाला ते पटवायचं कसं? तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की अख्ख्या गावात एकाच घरात नारू नाही. किराणा दुकानवाल्या मारवाडी सेठच्या घरात. पाणी तर सगळ्यांचं एकच. साहेब सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. सेठाणी घागरीच्या तोंडावर दुहेरी फडकं धरून पाणी गाळत होत्या. जैन माणसं, जीव मरू नये म्हणून गाळल्याशिवाय पाणी घेत नाहीत. गाळून झालं की फडकं उलटं करून त्यातले जीव पुन्हा विहिरीत सोडून यायच्या.

साहेब ओट्यावर बसून कितीतरी वेळ हसत होते. "यशवंता, मी पाच वर्षं कॉलेजात घालवली. या बाईंनी किड्यांवर दया केली आणि स्वतःचे पाय वाचवले."

मग त्यांनी सेठाणींना हात जोडून पारावर आणलं. त्यांनी गावातल्या बायकांना फडकं कसं धरायचं ते शिकवलं. थोडे दिवस चाललं. पुढं बायका म्हणायला लागल्या, हे मारवाड्यांचं काम, आपल्याला एवढा वेळ कुठं? आणि शेतावरून आलेले गडी तर ओंजळीनं तिथंच प्यायचे. साहेब म्हणाले, पायऱ्याच बुजवायच्या. वरून काठ बांधायचा, रहाट बसवायचा, पाण्यात पाय जाताच कामा नये.

गाव उसळलं. त्या पायऱ्यांवर साती आसरांचा शेंदूर, लग्नातली नवरी तिथं पाय भिजवायला जायची. सरपंच नथू आबा म्हणाले, "डाक्टरभाऊ, दवाखाना तुमना, विहीर गावनी." पण त्याच उन्हाळ्यात आबांच्या धाकट्या मुलाच्या गुडघ्याशेजारी नारू निघाला आणि ओढताना तुटला. चार महिने तो पोरगा ओरडत होता. पाय वाचला, पण वाकडा राहिला. दिवाळीनंतर आबांनी स्वतः पहिला दगड लावला. पावसाळ्याच्या तोंडावर काठ झाला, रहाट झाला, नारळ फुटला. साहेब त्या दिवशी पोरासारखे खूश होते. प्रत्येक येणाऱ्याला रहाट फिरवून दाखवत होते.

आता जे सांगायचं ते सांगतो.

गावाच्या खालच्या अंगाला अकरा घरांची वस्ती. गाव तिला महारवाडा म्हणायचं. कागदावर तेव्हाच दुसरं नाव आलं होतं, पण गावाच्या तोंडी काय होतं ते लपवून काय उपयोग? त्या बायकांना विहिरीत उतरायची परवानगी नव्हती. वरच्या पायरीच्या कडेला घागर ठेवून त्या उभ्या राहायच्या. खालून भरून वर येणारी एखादी आपली कळशी त्यात ओतायची आणि पुन्हा खाली उतरायची. रोज कोणीतरी ओतायचंच. माझी बायकोही ठगूबाईला ओतायची. ठगूबाई म्हणजे त्या वस्तीतली पोक्त बाई, आमच्या दवाखान्याचं अंगण झाडायची.

काठ झाल्यावर पाणी दोरानं ओढायचं आलं. विहीर खोल. पहिल्या आठवड्यात बायकोनं जेवताना तळहात पुढं केले. सोललेले. म्हणाली, "आधी बुडवी का झालं. आते एक घागर वढता वढता जीव जास. कोन वती देस ठगूबाईले? कोन्ही नही देत. मी बी नही."

मी ऐकलं. घास गिळला. मनात आलं, साहेबांना सांगावं. मग वाटलं, आत्ता कुठं आबा राजी झालेत, त्यात हे लफडं कशाला? ते लोक करतील काहीतरी. गरीब माणूस करतोच काहीतरी, असं आम्हाला सगळ्यांना तेव्हा वाटायचं. मी ताटातली भाकरी संपवली आणि झोपलो.

पावसाळ्यात वस्तीवर हगवण-वांती सुरू झाली. पाच दिवसांत चार लेकरं आणि एक बाळंतीण गेली. ती बाळंतीण ठगूबाईची सून. मागं दोन महिन्यांची मुलगी राहिली, मंगी. आम्ही औषधांची पेटी घेऊन घराघरात फिरत होतो. वरच्या गावात एकही रोगी नव्हता. साहेबांनी ठगूबाईला तोच प्रश्न विचारला, "पाणी कुठलं पिता?"

 तिनं आम्हाला नाल्यावर नेलं. वाळूत हातानं उकरलेला झिरा, त्यात गढूळ पाणी. दहा पावलं वर म्हशी बसलेल्या.

"विहिरीचं का नाही?" साहेब ओरडलेच. "चांगली विहीर करून दिली आहे!"

"तुम्ही विहीर चांगली करी, डाक्टरभाऊ," ठगूबाई म्हणाली. तिच्या कडेवर मंगी होती. "पन आम्हले पानी कोन देस? आधी वती देत. आते दोर वढीसन त्यासनाच हात भरी येतस. दोष कोना देवो?"

साहेब वाळूत खाली बसले. पेटी बाजूला पडली.  मग मान वळवून मला म्हणाले, "यशवंतराव, तुम्हाला हे माहीत होतं?"

"नाही, साहेब," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि उठले.

ते तालुक्याला जाऊन सरकारी अधिकाऱ्यांना घेऊन आले. अस्पृश्यता पाळणं गुन्हा आहे वगैरे सगळं पारावर वाचून झालं. आबा म्हणाले, आम्ही कोणाला अडवलंच नाही. ठगूबाईनं सगळ्यांदेखत रहाटावर दोर टाकला आणि एक घागर ओढली. पंचनामा झाला, जीप गेली. दुसऱ्या दिवसापासून त्या अकरा घरांतल्या एकालाही कोणी भुईमुगाच्या निंदणीला बोलावलं नाही. आठ दिवसांनी ठगूबाई दवाखान्यात आली. म्हणाली, "पानी मियनं, मजुरी गयी. पोरे पानीवर जगतीन का? राहू द्या भाऊ तुमना कायदा."

त्यानंतर साहेबांनी बाजारातून नवा दोर आणला. रोज सकाळी दवाखाना उघडायच्या आधी विहिरीवर जायचे आणि अकरा घरांच्या घागरी स्वतः ओढून भरायचे. घराला दोन. आबा रागारागात आले. "डाक्टर, हाई काय चालाडेल शे?" साहेब दोर न सोडता म्हणाले, "औषध देतोय. माझ्या रोग्यांना कोणतं औषध द्यायचं ते मी ठरवणार. तुमच्या पोराचा पाय बघताना तुम्हाला विचारलं होतं का?" आबा परत फिरले. डॉक्टर दुसरा नव्हता, आणि ओढणारा हात त्यांना चालणारा होता. एवढ्यावरच ते निभावलं. काही माणसं मात्र दवाखान्यातून पुडी घेताना विटाळ नको म्हणून हात लांब करायला लागली.

मी एकदा म्हटलं, "साहेब, तुमच्यामुळं सुटलं बघा." ते असे भडकले! "काय सुटलं? गळू कापायचं सोडून मी वर पट्टी बांधतोय. मूर्खासारखं बोलू नका, यशवंतराव." ठगूबाईलाही ते ठाऊक होतं. घागर उचलता उचलता एकदा ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही शेतस तवलग ठीक. तुम्ही नही ऱ्हायनात तं?" साहेबांनी पुढची बादली सोडली.

दवाखान्यातला प्रश्न त्या पावसाळ्यापासून बदलला. ते विचारायचे, "पाणी कुठलं, आणि तुला कोण देतं?" लोकांना कळायचं नाही. बाई सांगायची, मीच आणते. साहेब म्हणायचे, "नशीबवान आहेस."

पुढच्या उन्हाळ्यात नवे नारू निघालेच. गाव कुरकुरलं. रोग एक वर्ष आधीच पोटात गेलेला असतो, हे साहेब सांगून थकले. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मात्र एकाही पायाला काडी नव्हती. एकाही! आबांनी पारावर सत्कार ठेवला, शाल आणली. साहेब गेले, उभे राहिले आणि म्हणाले, "ही शाल नको. या विहिरीनं तुमचे पाय वाचले, आणि याच विहिरीपायी वस्तीवरची पाच माणसं गेली. ती विहीर मी बांधायला लावली. पाण्यावाचून कोण कोण राहिलं ते मी मोजलं नाही." एवढं बोलून खाली उतरले. टाळ्या वाजवाव्या की नाही ते कुणाला कळेना.

सात पावसाळे त्यांनी दोर ओढला. तळहात असे झाले होते की नाडी बघताना रोग्याला खरखर लागायची. मंगी तोवर सहा-सात वर्षांची झाली होती. साहेब ओढायचे आणि ती काठापासून लांब बसून मोठ्यानं घागरी मोजायची. चुकली की साहेब मुद्दाम तिच्यावर ओरडायचे आणि ती खदखदून हसायची. त्या विहिरीवर तेवढंच हसू ऐकलं मी.

मग एका सकाळी दोर ओढताना त्यांच्या छातीत कळ आली. धुळ्याला न्यायला मोटार आली, तिच्यात बसायच्या आधी त्यांनी खिशातून चिठ्ठ्यांचं पॅड काढलं. त्यावर लिहिलं आणि कागद माझ्या हातात दिला. "यशवंत यांस. रोज सकाळी दोर धरणे. खंड नको." खाली सही. ती चिठ्ठी माझ्या ट्रंकेत आहे.

मी नऊ दिवस गेलो.

पहिल्या दिवशी बायका बाजूला सरकल्या. चौथ्या दिवशी आबांचा माणूस म्हणाला, डॉक्टर मोठा माणूस, त्याचं चाललं, तू कोण? माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न जमत आलं होतं. सोयऱ्यांच्या कानावर गेलं की मुलीचा भाऊ वस्तीचं पाणी भरतो. त्यांचा निरोप आला, जरा विचार करून कळवतो. बायको म्हणाली, "तुम्ही नका जाऊ, मी वढस." मी तिच्यावर ओरडलो. दहाव्या दिवशी गेलो नाही. ठगूबाई रिकामी घागर घेऊन दवाखान्याच्या दारात आली.

"कंपाउंडरभाऊ, आज बरं नही का?"

"हात दुखताहेत," मी म्हणालो. बाटलीत औषध मोजत होतो, वर पाहिलं नाही.

"मंग राहू द्या," ती म्हणाली आणि गेली. पुन्हा विचारायला आली नाही. नाल्यातला झिरा त्यांनी पुन्हा उकरला.

पाऊण महिन्यानं मंगीला जुलाब लागले. ठगूबाईनं तिला माझ्याकडंच आणलं, दुसरं कोण होतं? साहेबांनी शिकवलं होतं ते सगळं मी केलं. मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं दिलं, औषध दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पोर गेली. ठगूबाई रडली नाही. तिनं आमच्या अंगणात ठेवलेला तिचा झाडू उचलला आणि घरी घेऊन गेली.

त्यानंतर आठ दिवसांनी मी धुळ्याला गेलो. साहेब उशीला टेकून बसले होते. गालफडं बसली होती, पण नजर तीच. मी केळी ठेवली, स्टुलावर बसलो.

"विहिरीवर जातोस ना?"

"हो, साहेब."

"खंड नाही ना पडला?"

"नाही."

"मंगी मोजते अजून?"

"मोजते," मी म्हणालो.

ते समाधानानं हसले. डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. मग डोळे न उघडताच त्यांनी हात पुढं केला. म्हणाले, "बरं, हात दाखव."

मी हात द्यायला नको होता. पण इतक्या वर्षांची सवय, त्यांनी म्हटलं की हात आपोआप पुढं व्हायचा. त्यांनी माझा तळहात आपल्या खरबरीत हातात घेतला, खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि डोळे उघडले. अंगठ्यानं बोटांच्या मुळाशी दाबून पाहिलं. एकदा, मग पुन्हा एकदा. दुसरा हात मागितला नाही.

मी वाट बघत होतो की आता म्हणतील, यशवंतराव. शिव्या देतील, केळी फेकतील. त्यांनी माझी बोटं एकेक करून आत दुमडली, मूठ बंद केली, ती माझ्या मांडीवर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मी गाडीची वेळ होईपर्यंत तिथं बसून होतो. ते वळले नाहीत.